शेजारी रिडेव्हलपमेंट, आपल्या भिंतीला तडा

पत्र, थोडक्यात : कोथरूडमधल्या एका वाचक ताई लिहितात, की त्यांची सोसायटी १९८८ ची, तीन मजली, बारा फ्लॅटची. शेजारच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट सुरू आहे. जुनी इमारत पाडून झाली, आता दोन मजली बेसमेंटसाठी खडक फोडणं चालू आहे. सकाळी साडेआठला ब्रेकर सुरू होतो, काही दिवस तो रात्री साडेदहा-अकरापर्यंत चालतो. मांडणीतली भांडी वाजतात. ८१ वर्षांच्या सासूबाई दचकून उठतात. ताई घरून काम करतात, त्यांना मीटिंगमध्ये बोलता येत नाही. हॉलच्या भिंतीला आणि बाथरूमच्या टाइल्सना तडे दिसू लागले आहेत; ते ब्रेकरमुळेच गेले, असं ताई म्हणतात. बिल्डरचा माणूस म्हणतो, ‘परवानग्या सगळ्या आहेत, तुमची बिल्डिंगच जुनी.’ शेजारच्या सोसायटीचे चेअरमन हे ताईंच्या मिस्टरांचे जुने मित्र; ते म्हणतात, ‘आमच्या हातात काही नाही, बिल्डरशी बोला.’ ताईंच्या सोसायटीतले लोक म्हणतात, ‘वर्षभराचा प्रश्न आहे, उद्या आपलंही रिडेव्हलपमेंट व्हायचंय, कशाला वाकडं घ्यायचं?’ जाता जाता ताईंनी लिहिलंय, की मधली कंपाउंड वॉल खड्ड्याच्या बाजूला थोडी कलल्यासारखी वाटते. प्रश्न दोन : काम कायमचं थांबवता येईल का? आणि केस कुणावर करायची?

नमस्कार ताई,

तुमच्या पत्रात ब्रेकरबद्दल दोन पानं आहेत आणि कंपाउंड वॉलबद्दल एकच ओळ. मी तिथेच अडकले, म्हणून उत्तरही तिथूनच सुरू करते.

दोन मजली बेसमेंट म्हणजे वीस-बावीस फुटांचा खड्डा. कंपाउंड वॉलचा पाया सहसा दोन-तीन फुटांवर, मुरुमात नाहीतर भरावात असतो. शेजारची माती काढली की भिंतीचा एका बाजूचा आधार जातो आणि पावसाचं पाणी मागून दाबायला लागतं. २९ जून २०१९ च्या पहाटे, धो धो पावसात, कोंढव्यात एका सोसायटीची कंपाउंड वॉल शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली. १५ माणसं गेली. मला वाटतं, खड्ड्याशेजारी राहणाऱ्या प्रत्येक सोसायटीने ही घटना लक्षात ठेवावी. कारण जी भिंत पडते ती बऱ्याचदा आपल्याच सोसायटीची असते आणि खाली असतात ती दुसऱ्याची माणसं. उद्या काही झालंच, तर ‘भिंत कलल्याचं तुम्हाला कधीपासून माहीत होतं?’ हा प्रश्न बिल्डरइतकाच तुमच्या कमिटीलाही विचारला जाईल.

तेव्हा हे पत्र वाचलं की संध्याकाळपर्यंत त्या भिंतीलगतच्या गाड्या हलवा, पोरांना तिकडे खेळू देऊ नका. ओळंबा सोडून भिंतीचे फोटो काढा, दर दोन दिवसांनी त्याच जागेवरून. आणि सोसायटीच्या लेटरहेडवर एक पानी पत्र करा : बिल्डरला, त्याच्या आर्किटेक्टला, आरसीसी कन्सल्टंटला (म्हणजे इमारतीच्या सांगाड्याच्या इंजिनिअरला), शेजारच्या सोसायटीला आणि महापालिकेच्या बांधकाम विभागाला. पत्रात रडगाणं नको. भिंत अमुक इंच कलली आहे, खड्ड्याची कड भिंतीपासून इतक्या फुटांवर आहे, तिथे शोअरिंग (खड्ड्याच्या कडेला द्यायचा तात्पुरता आधार) दिसत नाही, आमचा इंजिनिअर आणि तुमचा इंजिनिअर मिळून तीन दिवसांत पाहणी करू, एवढंच. प्रत्येक प्रतीवर पोच घ्या. खोदकामाच्या सुरक्षिततेसाठी आयएस ३७६४ आणि पाडकामासाठी आयएस ४१३० अशी भारतीय मानकं आहेत. त्यांचा नुसता उल्लेख असला तरी पत्र साइट ऑफिसच्या टेबलावर न राहता कन्सल्टंटपर्यंत जातं.

या मुद्द्यावर कायदा तुमच्या बाजूने बराच भक्कम आहे. भारतीय सुविधाधिकार कायदा १८८२ सालचा. त्याच्या कलम ७ मध्ये शेजारच्या जमिनीचा आपल्या जमिनीला मिळणारा नैसर्गिक आधार हा मालकाचा हक्क म्हणून आला आहे. तो झाला मोकळ्या जमिनीपुरता. पण इमारतीचं ओझं असलेल्या जमिनीला वीस वर्षं निर्वेध आधार मिळत आला असेल, तर कलम १५ प्रमाणे तोही हक्क पक्का होतो. तुमची इमारत १९८८ ची आहे. हा हक्क कोर्टात शाबित करावा लागतो हे खरं, पण ‘बिल्डिंगच जुनी’ हे बिल्डरचं वाक्य इथे त्याच्यावरच उलटतं.

आता आवाज.

‘परवानग्या आहेत’ हे ऐकून तुम्ही गप्प झालात असं पत्रावरून दिसतं. महापालिकेची परवानगी सांगते एवढंच, की नकाशा नियमात बसतो. शेजाऱ्याला किती त्रास द्यायचा, याचं ते लायसन्स नव्हे. त्याच वेळी, शेजारी बांधकाम होऊच नये किंवा बिनआवाजी व्हावं, असा हक्क तुम्हालाही नाही. १९३७ साली लंडनच्या अपील कोर्टाने आंद्रे विरुद्ध सेल्फ्रिज या खटल्यात दिलेला निकाल अशा वादांत वकील मंडळी हमखास काढतात. एका हॉटेलच्या मालकीणबाईंनी शेजारच्या पाडकामाच्या आवाज-धुळीबद्दल दावा लावला होता. कोर्ट म्हणालं, की बांधकामाचा नेहमीचा त्रास काही काळ सोसावा लागतो. पण तो कमी ठेवण्यासाठी वाजवी काळजी घेणं हे बांधणाऱ्याचं काम, आणि ती न घेतल्याने जो जादा त्रास झाला त्याचीच भरपाई मिळेल. म्हणून खालच्या कोर्टाने दिलेले ४,५०० पौंड १,००० वर आले. इंग्लंडचा निकाल आपल्यावर बंधनकारक नाही, पण उपद्रवाबद्दलचा आपला दिवाणी कायदा त्याच मुशीतला आहे. तुमची केसही या ‘जादा’वर उभी राहील किंवा पडेल.

तो जादा भाग तुमच्याकडे आयता आहे : रात्री दहानंतरचा ब्रेकर. ध्वनिप्रदूषण नियम २००० मध्ये २०१० साली दुरुस्ती झाली. तिच्याप्रमाणे निवासी भागात आणि शांतता क्षेत्रात रात्री आवाज करणारी बांधकामाची यंत्रं चालवायचीच नाहीत. रात्र म्हणजे दहा ते सहा. इथे डेसिबल मोजायची गरज नाही, यंत्र चालू होतं एवढं दाखवलं की पुरे. सव्वादहाला खिडकीतून व्हिडिओ घ्या, त्यात घड्याळ किंवा टीव्हीवरच्या बातम्या दिसू द्या आणि मूळ फाइल फोनमध्ये तशीच ठेवा, कारण पुढे पुरावा म्हणून तीच लागते, व्हॉट्सॲपवर फिरलेली नाही. ११२ ला फोन कराच, पण नुसत्या फोनने तासभरच थांबणार. पोलीस ठाण्यात तारीखवार लेखी तक्रार द्या, वर नियम ५-ए (रात्रीच्या यंत्रबंदीचा हाच तो नियम) असं स्पष्ट लिहा.

(स्लॅबचं काँक्रीट ओततात त्या रात्रीबद्दल मात्र माझं मत जरा मऊ आहे. स्लॅब एकदा सुरू झाला की मध्ये थांबवता येत नाही, हे साइटवाले सांगतात ते खरंच असतं. पण दुपारी चारला स्लॅब सुरू करायचा की सकाळी सातला, हे त्यांच्याच हातात असतं.)

दिवसाचं प्रकरण किचकट आहे. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५. ती सरासरी पातळी असते, एका क्षणाचा दणका नव्हे. मर्यादेपेक्षा १० डेसिबल वर गेलं की नियम ७ खाली तक्रार करता येते. पोकलेनला लावलेला ब्रेकर पन्नास फुटांवर ९० च्या आसपास आवाज करतो, म्हणजे तुमच्या खिडकीत मर्यादा ओलांडली जात असणार यात मला शंका नाही. पण फोनमधल्या ॲपचा आकडा कुणी मानणार नाही. प्रमाणित मीटरने मोजून घ्या, आणि मोजताना ब्रेकर बंद असतानाचाही आकडा घ्या. नाहीतर उत्तर तयार असतं, ‘हा तर पौड रोडचा ट्रॅफिक.’

बांधकामाच्या हादऱ्यांबद्दल लोकांचा सर्वात जास्त गोंधळ होतो, म्हणून इथे थोडं रेंगाळते. पुण्याखाली बेसॉल्ट आहे, काळा कातळ. तो फोडताना बसणारा धक्का मातीत मुरतो तसा खडकात मुरत नाही. हादरा मोजतात तो जमीन किती वेगाने हलते यावर, मिलिमीटर प्रति सेकंदात. घरात शांत बसलेल्या माणसाला ०.३ ला सुद्धा तो जाणवू शकतो. १ च्या आसपास लोक तक्रारी करू लागतात. इमारतीला इजा होण्याचे आकडे याच्या बरेच वर आहेत : खाणींतल्या सुरुंगांसाठी खाण सुरक्षा महानिदेशालयाच्या १९९७ च्या परिपत्रकात साध्या घरांना वारंवारतेनुसार ५ ते १५, आणि जुन्या नाजूक वास्तूंना २ ते १० अशी मर्यादा आहे. ते परिपत्रक खाणींचं, आणि ब्रेकरचा दिवसभराचा मार वेगळा, म्हणून ब्रेकरसाठी जाणकार आणखी खालचा आकडा धरतात. तरीही मुद्दा उरतोच. भांडी वाजली म्हणजे घराला धोका झाला असं नाही.

म्हणून तुमच्या पत्रातलं ‘तडे ब्रेकरमुळेच गेले’ हे वाक्य मी सध्या कंसात ठेवते. कदाचित ते खरं असेल. पण विट-भिंत आणि कॉलम यांच्या सांध्यावरची बारीक उभी रेघ उन्हाच्या तापण्या-निवण्यानेही येते. कॉलमच्या कोपऱ्याला धरून जाणारा, गंजाचा डाग असलेला तडा आतल्या सळईचा असतो, आणि तो शेजारी खोदकाम नसतं तरी आलाच असता. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी, पायऱ्या-पायऱ्यांनी जाणारी आणि एका टोकाला रुंद होत जाणारी भेग असेल, दारं अचानक अडकायला लागली असतील, तर मात्र पाया हलल्याची शंका घ्यायची. त्यात हादऱ्यापेक्षा खड्ड्याचाच हात जास्त असतो.

तर्क लढवण्यापेक्षा तड्यावर काचेची पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा आणि तिच्यावर तारीख लिहा. भेग वाढली की काच तडकते. प्रत्येक तड्याचा शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा, बाराही फ्लॅटमध्ये. खोदकाम सुरू व्हायच्या आधी हे झालं असतं तर सोन्याहून पिवळं, पण खडक अजून निम्मा शिल्लक असेल तर आजची नोंदही मोलाची आहे. आणि एक अवघड प्रश्न : तुमच्या सोसायटीचं स्ट्रक्चरल ऑडिट झालंय का? तीस वर्षांवरच्या इमारतींनी ते करून घेणं महापालिका कायद्याच्या कलम २६५-ए प्रमाणे बंधनकारक आहे. केलं नसेल तर बिल्डरचा वकील पहिल्याच तारखेला तेच विचारेल. आत्ता करून घ्या. ज्याचा अहवाल बिल्डरही मुकाट मानेल असा इंजिनिअर निवडा, सर्वात स्वस्त कोटेशनवाला नको.

केस कुणावर, तर एकट्या बिल्डरवर नाही. मित्र काहीही म्हणोत, जमीन त्यांच्या सोसायटीची आहे. डेव्हलपमेंट ॲग्रीमेंटमध्ये ‘सगळी जबाबदारी बिल्डरची’ असं कलम असेलच, पण तो त्या दोघांमधला करार आहे, तुम्ही त्यावर सही केलेली नाही. ज्या कामात शेजारच्या आधाराला धोका आहे, त्याची जबाबदारी कंत्राटदार नेमून झटकता येत नाही, हे तत्त्व १८७६ च्या बोवर विरुद्ध पीट या निकालापासून चालत आलं आहे. म्हणून नोटीस सोसायटी, बिल्डर आणि खोदकामाचा कंत्राटदार अशा तिघांनाही जावी. मिस्टरांच्या मित्राला आधी फोन करून सांगा, की नोटीस येतेय, मनावर घेऊ नका, तुमच्याच हातात बिल्डरला टाइट करायची चावी येईल. बहुतेक चेअरमनना असा कागद आतून हवाच असतो.

बिल्डरचं नाव, आर्किटेक्ट आणि मंजूर नकाशे महारेराच्या (गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) वेबसाइटवर सापडतील, प्रकल्प तिथे नोंदलेला असेल तर. मात्र तक्रार घेऊन महारेराकडे किंवा ग्राहक न्यायालयात जाऊ नका. तुम्ही त्यांच्या गिऱ्हाईक नाही, शेजारी आहात.

नोटिशीत एक मागणी हमखास घाला : कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क विमा पॉलिसीची प्रत. बहुतेक मोठ्या कामांवर ही पॉलिसी असते आणि तिच्यात तिऱ्हाइताच्या नुकसानीचा भाग असतो. पण हादऱ्याने किंवा आधार कमकुवत झाल्याने झालेलं नुकसान, वेगळं कलम जोडून घेतल्याशिवाय, त्यात धरत नाहीत. ते जोडलं नसेल तर आता जोडा म्हणा. भरपाई विमा कंपनीच्या खिशातून जाणार असेल तर बिल्डरही वाद घालत बसत नाही.

काम कायमचं थांबवायचं का, हे मी तुम्हालाच विचारते. शिवाजीनगर कोर्टात दावा लावून तात्पुरता मनाई हुकूम मागता येतो. पण कोर्ट बघतं, की थांबवल्याने कुणाचं किती नुकसान होतं. शेजारची कुटुंबं घरं रिकामी करून भाड्याने राहताहेत. आणि अर्धवट खणलेला, पाणी भरलेला खड्डा तुमच्या भिंतीशेजारी वर्षभर उघडा राहिला, तर सर्वात मोठा धोका तुम्हालाच. मी असते तर थांबवा म्हटलं नसतं, पद्धत बदला म्हटलं असतं. हद्दीच्या कडेने जवळ जवळ भोकं पाडून खडक आधी तोडून घेतला की हादरा पलीकडे कमी जातो. कडेच्या दहा-पंधरा फुटांत छोटा ब्रेकर, किंवा भोकांत फुगणारं रसायन भरून खडक चिरणं, किंवा डायमंड वायरने कापणं, असे पर्याय आहेत. खर्च आणि वेळ जास्त लागतो, म्हणून कुणी आपणहून करत नाही. तुमच्या इमारतीच्या पायाशी कंपनमापक बसवा आणि आकडे रोज आम्हालाही द्या, ही मागणीही रास्त आहे. कोर्टातही अशा मागण्या ‘काम बंद करा’पेक्षा लवकर गळी उतरतात, आणि गरज पडली तर कोर्ट कमिशनर नेमून जागेची पाहणी मागता येते. भरपाईच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, त्यामुळे घाईने कच्ची केस लावायचं कारण नाही. घाई आहे ती भिंतीची. तिथे हयगय झाली तर निष्काळजी बांधकामाबद्दल भारतीय न्याय संहितेचं कलम २९० आहे, ते फौजदारी आहे, आणि नोटिशीत त्याचा उल्लेख असू द्या.

सासूबाईंबद्दल. कायदा सर्वसाधारण माणसाला किती त्रास झाला असता ते बघतो, विशेष नाजूक तब्येतीला वेगळं माप लावत नाही. म्हणून त्यांचं दुखणं दाव्यात मुख्य मुद्दा करू नका. पण बोलणीत नक्की करा. दुपारी एक ते चार कायदा पुणेकरांना देत नाही, साइट इंजिनिअर देऊ शकतो. त्या वेळात माती उचलणं, सळई बांधणं अशी कमी आवाजाची कामं घ्यायला त्याला जमतं, लेखी मागितलं तर. तुमच्या मीटिंगच्या वेळाही सांगून बघा. आणि कडेचा खडक फुटेपर्यंत, म्हणजे सर्वात वाईट आठवडे, सासूबाईंना दुसरीकडे ठेवायचं ठरलं, तर त्या भाड्याची मागणी बिल्डरकडे आधी करा, नंतर नाही.

उरली तुमची सोसायटी. ‘उद्या आपलंही व्हायचंय’ म्हणून गप्प बसा म्हणणाऱ्यांचा हिशेब मला कळतो, पण निष्कर्ष पटत नाही. उद्या तुमचा खड्डा खणला जाईल तेव्हा पलीकडच्या इमारतीला तडे गेल्यावर नोटीस तुमच्या नावाने येणार आहे, जमीनमालक म्हणून. तुमच्या डेव्हलपमेंट ॲग्रीमेंटचा मसुदा अजून व्हायचा असेल तर येत्या सर्वसाधारण सभेत चार कलमं मांडा : खोदकामाआधी चारी बाजूंच्या इमारतींची फोटोंसह तडा-नोंद बिल्डरच्या खर्चाने, हादरा आणि आधाराचं कलम जोडलेला विमा, ब्रेकरच्या ठरलेल्या वेळा, आणि कंपाउंड वॉलचं शोअरिंग खणायच्या आधी. ही कलमं लिहून घेताना, आज शेजाऱ्यांकडे नेमकं काय मागायचं, तेही बाराही सभासदांना आपोआप कळेल, आणि सह्याही मिळतील.